डावा हात, उजवा हात
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



"ह्या खेपेला तुम्ही काहीतरी बोलाच," असे आपल्या चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा लोणच्यांचा नाही तर भिशीचा विषय असावा. मी "स्कूटरचे ब्रेक" असे म्हणताच त्या क्षणभर गप्पच झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "अहो, पण हा विषय बायकांचा का?" मी त्यांना खिडकीशी नेले. कार्यकारिणीच्या बैठकीला आलेल्या भगिनींच्या स्कूटरी खाली फाटकापर्यंत उभ्या होत्या. आपल्या मंडळात चपला ठेवावयास जागा पुरते, स्कूटरी ठेवावयास पुरत नाही. तेव्हा हा विषय बायकांचा नव्हे, असे कोणी म्हणू नये.

मी काही यंत्रशास्त्र शिकलेली नाही. जे सांगणार आहे ते विचारून, वाचून आणि थोडेसे सोसून मिळविलेले आहे. सोसल्याचे आधी सांगते, म्हणजे विचारावेसे का वाटले ते आपल्याला कळेल.

मी प्रथम सायकल शिकले, पुढे लूना चालविली आणि मग बिनगियरची स्कूटर. सायकल शिकविताना माझ्या थोरल्या भावाने एक मंत्र दिला होता : "पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर पडशील." हा मंत्र आपल्यापैकी बहुतेकींना कोणी ना कोणी दिलेला असेल. मी तो जन्मभर पाळला. उजव्या हाताला ब्रेक आहे हे मी विसरूनच गेले होते म्हणा ना! आणि मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर आमची जुनी स्कूटर तिच्या हाती देताना मी तोच मंत्र तिला दिला.

२०१७ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. पहिला पाऊस पडून गेला होता. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिळून कसा चिखल होतो, हे आपण जाणताच. पुढे एक टेम्पो अचानक थांबला. मुलीने आईच्या शिकवणुकीप्रमाणे डाव्या हाताचा ब्रेक जीव खाऊन दाबला. मागचे चाक जागच्या जागी थांबले, पण स्कूटर थांबली नाही. मागचा भाग बाजूला फिरला, गाडी आडवी झाली आणि मुलगी घसरत टेम्पोच्या चाकाशी जाऊन थांबली. डोक्यावर हेल्मेट होते म्हणून मी आज आपल्यासमोर उभी राहून हे बोलू शकते. उजव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लॅस्टर होते आणि ते निघाल्यावरही वेणी घालून द्यावयास तिला मी लागत असे.

स्कूटर दुरुस्तीला टाकली, तेव्हा गॅरेजवाल्या मामांनी दोन्ही चाके उघडून मला बोलावून दाखविली. म्हणाले, "ताई, हे बघा. मागचं लायनर मी आतापर्यंत तीन वेळा बदललंय. पुढचं कंपनीतून आलं तसंच आहे. इतक्या वर्षांत ह्या गाडीला पुढचा ब्रेक कुणी लावलाच नाही का?"

भगिनींनो, त्या लायनरकडे पाहून मला जे वाटले ते सांगता येणार नाही. मुलीने चूक केली नव्हती. तिने आईचे ऐकले होते.

त्यानंतर दोन वर्षे मुलीने स्कूटरला हात लावला नाही. बस नाही तर रिक्षा. २०१९ साली आम्ही नवी स्कूटर घेतली. दुकानातल्या माणसाने सांगितले, "ह्याला कॉम्बी ब्रेक आहे, आता काळजीच सोडा. एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो, गाडी घसरतच नाही." मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, मग ह्याच्यात तरी उजवा लावायचा की नाही?" मला उत्तर देता आले नाही. एकदा चुकीचे शिकविले होते, दुसऱ्यांदा शिकविण्याची हिंमत होईना. म्हणून मी विचारीत सुटले.

प्रथम पुढच्या ब्रेकविषयी. आपण बसमध्ये उभ्या असतो आणि चालक ब्रेक मारतो, तेव्हा सगळ्याजणी पुढे कलंडतो. स्कूटरचेही तेच होते. ब्रेक लागला की गाडीचा आणि आपला भार पुढच्या चाकावर येतो. ज्या चाकावर भार अधिक, त्याची रस्त्यावरची पकड अधिक. मागचे चाक मात्र त्याच वेळी हलके झालेले असते. म्हणजे जे चाक थांबविण्यास समर्थ आहे त्याला आपण मोकळे सोडतो आणि जे हलके झाले आहे त्याच्यावर सगळी जबाबदारी टाकतो. घरातही असे पुष्कळदा होते, पण तो निराळा विषय!

हिशेब करून पाहा. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी स्कूटर एका सेकंदात ११ मीटर जाते. समोरचे दिसून हात ब्रेकवर दाबला जाईपर्यंत एवढे अंतर गेलेलेच असते. त्यापुढे कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट लावले तर साधारण १२-१३ मीटरमध्ये गाडी उभी राहावी. केवळ मागच्या ब्रेकने थांबविण्याचा जोर निम्म्यावर आला, तर तेच अंतर दुप्पट, म्हणजे २५ मीटर होते. आणि वेग दुप्पट केला तर अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते.

मग माझा भाऊ खोटे बोलला का? तसेही नाही. पुढचा ब्रेक एकदम, आवळून, वळणावर किंवा वाळूवर दाबला तर पुढचे चाक जाम होते, आणि पुढचे चाक जाम झाले की सावरावयास वेळच मिळत नाही. ओल्या फरशीवर पावले टेकीत चालणारी बाई सहसा पडत नाही, पण पाय एकदा घसरू लागला की फरशी त्याला धरीत नाही. चाकाचे तसेच आहे. फिरणारे चाक रस्ता धरून असते, थांबून घसरणारे चाक पकडही गमावते आणि दिशाही. तेव्हा मंत्र असा हवा होता : "पुढचा ब्रेक एकदम दाबू नकोस." मधला 'एकदम' हा शब्द कुठेतरी गळून पडला आणि आम्ही अर्धाच मंत्र पिढ्यान्‌पिढ्या जपत आलो.

आता ह्या नव्या ब्रेकांविषयी. ह्यात दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. दुकानदारही करतात.

एक म्हणजे कॉम्बी ब्रेक. ह्याला मी आपला 'जोडब्रेक' म्हणते. स्कूटरच्या डाव्या हाताचा ब्रेक दाबला की मागच्या चाकाबरोबर त्या दाबाचा काही भाग पुढच्या चाकालाही जातो. आपल्या साध्या स्कूटरींत हे काम तारेने आणि एका लहानशा दांडीने होते. उजवा हात दाबला तर मात्र पुढचाच ब्रेक लागतो. ही कल्पना जुनी आहे. इटलीच्या मोटो गुझ्झी कंपनीने १९७५ साली आपल्या मोटारसायकलीला असे जोडलेले ब्रेक दिले होते. आपल्याकडे होंडाने २००९ साली ॲक्टिव्हाला ते बसविले.

दुसरी वस्तू ए.बी.एस. हिचे काम चाक जाम होऊ न देणे हे आहे. चाकापाशी एक दातेरी चकती आणि तिच्यावर लक्ष ठेवणारा सेन्सर असतो. चाक थांबू पाहते आहे असे दिसताच ब्रेकचा दाब क्षणभर सोडला जातो आणि लगेच पुन्हा धरला जातो. एका सेकंदात असे अनेक वेळा. दाबलेल्या ब्रेकमध्ये त्या वेळी थरथर जाणवते. ती थरथर म्हणजे बिघाड नव्हे. त्या क्षणी घाबरून हात सोडावयाचा नाही, दाबूनच धरावयाचा.

ही युक्ती प्रथम विमानांसाठी निघाली. १९५८ साली ब्रिटनमधील रस्ते संशोधन प्रयोगशाळेने विमानाचे 'मॅक्सारेट' नावाचे यंत्र रॉयल एन्फील्डच्या मोटारसायकलीवर बसवून पाहिले. निसरड्या रस्त्यावर त्याचा चांगला उपयोग दिसला. परंतु कंपनीच्या तांत्रिक प्रमुखांना त्यात भविष्य दिसले नाही आणि ते तसेच राहिले. पुढे १९८८ साली जर्मनीच्या बी.एम.डब्ल्यू. कंपनीने ए.बी.एस. मोटारसायकलीवर आणले. मधली तीस वर्षे किती जणांची हाडे मोडली असतील कोण जाणे. नव्या ब्रेकाविषयीची मते ही अशी महाग पडू शकतात.

आपल्याकडे १ एप्रिल २०१९ पासून कायदा असा झाला की १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना ए.बी.एस. हवेच, आणि १२५ सीसीपर्यंतच्यांना निदान जोडब्रेक तरी हवा. २०२५ साली केंद्र सरकारने सर्वच नव्या दुचाकींना ए.बी.एस. सक्तीचे करण्याचा मसुदाही काढला. आणि हे उगाच नव्हे. २०२२ ह्या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली शेकडा ४४ हून अधिक दुचाकीवरची होती, असे सरकारचाच अहवाल सांगतो.

आता मते ऐका. कारण मी भेटेल त्याला विचारले आणि प्रत्येकाचे निराळे निघाले.

आपल्या मंडळातल्या कित्येक भगिनींनी मलाच उलट विचारले, "जोडब्रेक? माझ्या गाडीला आहे का तो?" गाडी पाहिली तर होता. चार वर्षे त्या जोडब्रेकवर चालवीत होत्या आणि त्यांना ठाऊक नव्हते. ह्याला मी त्या ब्रेकची निंदा समजत नाही, स्तुतीच समजते. ज्यांना एकाच हाताची सवय आहे, त्यांना तो न सांगता सांभाळून घेतो.

आमच्या शेजारच्या काकू मात्र ह्या ब्रेकवर चिडलेल्या आहेत. त्या म्हणतात, "सोसायटीच्या उतारावर हळू वळताना मी नुसता मागचा ब्रेक हलकेच धरून गाडी सांभाळायची. आता पुढचं चाकही अडतं आणि हँडल वळलेलं असताना गाडी कलते." त्यांचे म्हणणे खोटे नाही. अगदी हळू वळताना, चिखलात किंवा खडीवर नुसता मागचा ब्रेक हाताशी असणे सोयीचे असते आणि जोडब्रेकने ती सोय थोडी कमी होते. त्यांना मी इतकेच सुचविले की वळणाच्या आधीच वेग कमी करावा आणि वळताना ब्रेक अगदी हलका ठेवावा.

माझा भाचा मोठी मोटारसायकल चालवितो, घाटांत हिंडतो. त्याचे मत असे : "मावशी, माझे ब्रेक मला वेगवेगळेच हवेत. कुठल्या चाकाला किती लावायचा ते माझं मी ठरवीन. ए.बी.एस. पाहिजे, पण जोड नको." दूरदेशींचे जाणकार मोटारसायकलस्वारही पुष्कळदा असेच म्हणत आले आहेत. मी त्याला विचारले, "अरे, समोर अचानक पोर धावत आलं तर तेव्हाही तू एवढा विचार करशील का?" तो हसला आणि म्हणाला, "तेव्हा मात्र जे हाताला येईल ते दाबीन." मला वाटते, वादाचे सार ह्या उत्तरातच आहे. शांतपणे ब्रेक लावताना आपण सगळेच शहाणे असतो. यंत्र हवे असते ते शहाणपण सुटते त्या क्षणासाठी.

तरीही भाच्याने एक गोष्ट चांगली सांगितली, तीही ऐकवते. ए.बी.एस. म्हणजे चमत्कार नव्हे. सुट्या खडीवर त्याने थांबण्याचे अंतर वाढूही शकते. वळणात गाडी फार कलली असताना साधे ए.बी.एस. प्रत्येक वेळी वाचवील असे नाही. स्वस्त गाड्यांत ते पुष्कळदा पुढच्याच चाकाला असते, मागचे चाक त्या गाडीतही घसरू शकते. आणि गाडी चालू लागल्यावरही ए.बी.एस.चा दिवा विझला नाही, तर ते काम करीत नाही असे समजून गाडी दाखवून आणावी.

सर्वांत उपयोगाचे मत गॅरेजवाल्या मामांचे निघाले. ते म्हणाले, "ताई, जोडब्रेक चांगला. पण माझ्याकडे येणाऱ्या किती तरी गाड्यांत पुढची तार ढिली असते. डावा ब्रेक दाबला तरी पुढच्या चाकाला काहीच पोचत नाही. बाईंना वाटतं जोडब्रेक आहे, आणि असतो नुसता मागचाच." त्यांनी ते पाहण्याची रीतही दाखविली. गाडी मधल्या स्टँडवर लावावी. एकीने मागून बसकण दाबून पुढचे चाक उचलून धरावे. दुसरीने ते चाक हाताने फिरवावे आणि डावा ब्रेक दाबावा. चाक अडले पाहिजे. न अडले तर तार आवळून घ्यावी. मी घरी येऊन आमच्या नव्या स्कूटरचे चाक फिरविले, आणि काय सांगू, ते खुशाल फिरतच राहिले! नुकतीच पहिली सर्व्हिसिंग करून आणलेली गाडी. "घसरतच नाही" म्हणून घेतलेल्या ब्रेकची ही कथा.

दुकानातल्या त्या माणसाचे वाक्यही चुकीचेच होते. जोडब्रेक दोन्ही चाकांना काम वाटून देतो, पण चाक जाम होऊ नये ह्याची काळजी तो घेत नाही. ते काम ए.बी.एस.चे. जोडब्रेकच्या गाडीवर ओल्या रस्त्यात डावा हात जीव खाऊन दाबला तर चाक अजूनही घसरेल. शिवाय डाव्या हाताने पुढच्या चाकाला मिळतो तो दाबाचा काही भागच. संकटात पुरते थांबावयाचे असेल तर उजवा हात लागतोच.

तर मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मला असे मिळाले : होय, उजवाही लावावयाचा. दोन्ही हात मिळून, गाडी आणि हँडल सरळ ठेवून, लिंबू पिळतो तसे दाबत दाबत न्यावयाचे. झटका द्यावयाचा नाही. वळणावर जोरात ब्रेक लावण्याची वेळच येऊ द्यावयाची नाही, वेग वळणाआधीच उतरवावयाचा. मागे माणूस असेल, पायांशी भाजीची पिशवी असेल तर अंतर आणखी राखावयाचे. पहिल्या पावसात तर दुप्पट राखावयाचे.

उत्तर मिळाले तरी भीती जात नाही. हात तोंडच्या उपदेशाने शिकत नाहीत, सरावाने शिकतात. एका रविवारी पहाटे आम्ही दोघी शाळेच्या मोकळ्या मैदानावर गेलो. रेघ म्हणून विटेचा तुकडा ठेवला. ताशी २० च्या वेगाने येऊन त्यापाशी थांबावयाचे. प्रथम डावा, मग उजवा, मग दोन्ही. नुसत्या डाव्याने आम्ही विटेच्या किती पुढे जात होतो आणि दोन्हींनी किती अलीकडे थांबत होतो, हे डोळ्यांनी पाहिले तेव्हा मुलगी मला म्हणाली, "आई, हे आपण आधी का नाही केलं गं?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. पण तो प्रश्न माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तेव्हा मला मंडळापुढे एक सूचना मांडावयाची आहे. आपण पाककृतींचे वर्ग घेतो, शिवणाचे घेतो. वर्षातून दोन रविवार, एक पावसाळ्याआधी आणि एक नंतर, आपण मैदानावर स्कूटरी घेऊन जमावे. कोणी माहितगार बोलवावा, गॅरेजवाले मामा यावयास तयार आहेत. त्यांनी प्रत्येकीचे पुढचे चाक फिरवून पाहावे. मग विटेचा तुकडा ठेवून सर्वांनी सराव करावा. आपल्या सुना-मुलींनाही आणावे. ज्या काकूंना जोडब्रेक आवडत नाही त्यांनी तर अवश्य यावे. त्यांच्या तक्रारीतून इतरांना शिकता येईल. ह्याला वर्गणी काढावी लागणार नाही, विटेचा तुकडा मी घरून आणीन.

कोणता ब्रेक चांगला ह्याविषयी मते पुढेही निराळी राहतील, राहू देत. नवी गाडी घेणारीने ऐपत असल्यास ए.बी.एस.ची घ्यावी, असे माझे मत झाले आहे. ज्यांच्याकडे जोडब्रेक आहे त्यांनी तार पाहावी. ज्यांच्याकडे दोन्ही नाहीत त्यांनी दोन्ही हात वापरावे. पण मुलीला काही शिकविण्याआधी ते आपल्याला कोणी, कधी आणि का शिकविले, हे एकदा तपासून पाहावे, एवढे मात्र मी हात जोडून सांगते.

मुलगी आता रोज स्कूटरवरून कामाला जाते. संध्याकाळी फाटकाशी तिच्या गाडीचा आवाज ऐकला की मी स्वयंपाकाला लागते. गेल्या महिन्यात पुढचे लायनर बदलावे लागले. पैसे देताना मला इतका आनंद कधी झाला नव्हता.